फोडणी घरी, आधण रानात

गेल्या महिन्याच्या टपालात इंदूरच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले. त्यांची कन्या महाविद्यालयात शिकते आणि येत्या मे महिन्यात सहा मित्रमैत्रिणींसह कुमाऊंच्या डोंगरांत आठ दिवस पायी हिंडायला जाणार आहे. बरोबर स्वयंपाकी नाही, घोडेवाला नाही; पाठीवर नेतील तेच शिजवतील आणि शिजवतील तेच खातील. बाईंनी विचारले आहे, "लाडू, चकल्या, शेव हे तर देतेच, पण पोटभरीचे काय द्यावे, ते आपल्या सदरातून सुचवावे." पत्र इथे संपले असते तर आम्ही चार पाककृती लिहून मोकळे झालो असतो. परंतु सहीच्या खाली, घाईने लिहिल्यासारख्या दोन ओळी आहेत. मागच्या सहलीहून मुलगी परतली तेव्हा तिचे हात फुटून रक्त येत होते. विचारले तेव्हा म्हणाली, "स्वयंपाक सगळ्यांनी मिळून केला, आई, भांडी मात्र आम्ही दोघींनीच घासली." यंदा जावे की नको, असे तिचे चालले आहे.

आमच्या मते पत्राचा खरा विषय त्या दोन ओळींतच आहे. म्हणून उत्तराची सुरुवात आम्ही खाण्यापासून न करता घासण्यापासून करणार आहोत.

ते फुटलेले हात आम्हांला परके नाहीत. १९८६ च्या मे महिन्यात आम्हीही त्याच मुलुखात पिंडारी हिमनदी पाहायला गेलो होतो. काठगोदामपर्यंत आगगाडी, तेथून बागेश्वर, कपकोटच्या पुढे मोटार जिथे थांबली तिथून पायी लोहारखेत, ढाकुरी, खाती, द्वाली आणि फुरकिया. (आता मोटार खातीच्या बरीच जवळ पोहोचते; ती चाल निम्म्यावर आली आहे.) आम्हीही योगायोगाने सातचजण होतो. त्यांत बायका दोन, आम्ही आणि आमच्या नणंदबाई. शिधा घरच्या पद्धतीने बांधलेला. तुरीची डाळ दोन किलो, तांदूळ चार किलो, कणीक, कांदे-बटाटे, साजूक तुपाचा डबा, मसाल्यांच्या पुड्या, आणि शिजवायला पितळेचे कल्हई केलेले मोठे पातेले. ते पातेले सासूबाईंनी मोठ्या कौतुकाने दिले होते. त्याचे वजन आम्ही ढाकुरीच्या चढावर मोजले.

खातीपर्यंत निभावले. फुरकिया सुमारे ३,२०० मीटर उंचीवर आहे. तिथे संध्याकाळी पाचला डाळ चढवली. सातला दाणा तसाच टणक. आठला वरून मऊ आणि आतून कच्चा. स्टोव्हमध्ये पुन्हा रॉकेल ओतले, दोन दिवसांचे रॉकेल त्या एका डाळीने पिऊन टाकले. अखेर तीच अर्धकच्ची डाळ तांदळात घालून खिचडी करावी असे ठरले आणि ती बुडाला लागली. बोटभर जाडीची खरवड. वर तूप सढळ हाताने घातले होते. ते पंगत उठण्याच्या आतच थिजून पातेल्याच्या कडांना मेणासारखे बसले. मग पुरुषमंडळी उद्याच्या वाटेची चर्चा करीत शेकोटीपाशी बसली आणि आम्ही दोघी कंदील घेऊन ओढ्यावर गेलो. बर्फाचे पाणी. वाळू आणि गवत घेऊन तासभर घासले. बोटांना काही कळेनासे झाले तेव्हा नणंदबाई हसू लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. आम्ही काही बोललो नाही. कोणी आम्हांला "तुम्हीच घासा" असे म्हटले नव्हते, हे खरे. पण कोणी उठलेही नव्हते.

सकाळी उजाडल्यावर दुसरी गोष्ट दिसली. ओढ्याच्या काठाने पिवळी खरवड, भाताची शिते आणि साबणाचा पांढुरका थर दगडांना धरून बसला होता. आमच्याबरोबर खातीचे एक वृद्ध वाटाडे होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "दीदी, यह पानी नीचे हमारा गाँव पीता है." मग त्यांनी आपल्या झोळीतून मूठभर भाजलेले भट्ट काढले (हे तिकडचे काळे सोयाबीन), गुळाचा खडा दाढेखाली धरला आणि बिनदुधाचा चहा घेतला. त्यांचे जेवण झाले. धुवायला एक पेला. रात्रीही त्यांनी तेच खाल्ले होते. आमच्या खिचडीला त्यांनी नम्रपणे नकार दिला होता, आणि आम्ही त्याचा अर्थ भिडस्तपणा असा लावला होता.

डाळ न शिजण्यात डाळीचा दोष नव्हता. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी उष्णतेवरच उकळू लागते. दर ३०० मीटरला साधारण एक अंश असा हिशेब धरावा. आपल्या इंदुरात, साडेपाचशे मीटरवर, ते ९८ अंशांना उकळते. फुरकियाला ८९ च्या आसपास. पाणी खळखळताना दिसते, परंतु त्या खळखळीत डाळ शिजवण्याचे बळ नसते, आणि ज्योत कितीही मोठी केली तरी ते वाढत नाही. केवळ पाणी आटते आणि जळण जाते. कुकर हा त्यावर उपाय खराच, पण लहानसा कुकरही दीड किलोच्या आसपास भरतो आणि त्याच्या झाकणाच्या खाचा व रबर थंड पाण्यात धुणे ही वेगळीच शिक्षा आहे. आम्ही कुकर नेऊ नये या मताचे आहोत.

मग न्यावे काय? जे घरीच शिजलेले वा भाजलेले आहे, ज्यातले पाणी घरीच काढून टाकले आहे, आणि ज्याला रानात केवळ आधण हवे. फोडणी, परतणे, तळणे ही सर्व कामे आपल्या स्वयंपाकघरात उरकावीत. तेल तापले की भांडे चिकट झालेच, आणि चिकटपणा थंड पाण्याने जात नाही. भांडी घासण्याचे निम्मे दुःख फोडणीत असते. आपल्या आज्या-पणज्या बैलगाडीने इंदुराहून पुण्याला वा ओंकारेश्वराला निघत तेव्हा बरोबर सातूचे पीठ, मेतकूट, दशम्या, गूळपोळ्या आणि भाजके पोहे असत. वाटेत चूल मांडावी लागू नये हाच त्यात हेतू होता. आम्ही ही विद्या घरात असताना पितळेचे पातेले घेऊन गेलो, याची आजही लाज वाटते.

आता प्रत्यक्ष करावयाचे ते सांगतो. आमच्या अनुभवात सर्वांत उपकारक ठरलेली वस्तू म्हणजे शिजवून वाळवलेली मूगडाळ. अर्धा किलो डाळ हळद, हिंग, मीठ घालून अगदी मऊ शिजवावी. तेल-तूप मुळीच घालू नये, कारण स्निग्धांशाने ती नीट वाळत नाही आणि पुढे खवट होते. परातींत पातळ पसरून वर मलमलीचा कपडा घालावा आणि माळव्याच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोन दिवस, मधून मधून उलटवीत, कडकडीत वाळवावी. बोटांनी चुरल्यावर खडखड आवाज आला पाहिजे. ओल राहिली तर बुरशी येते, हे विसरू नये. मग जाडसर भरड करून ठेवावी. दुसरीकडे जाडे पोहे मंद आचेवर भाजावे आणि त्यांना थोड्या तेलात मोहरी, जिरे, हिंग, कढीलिंब, सुकी मिरची अशी फोडणी देऊन गार करावे. पोहे हे मुळात उकडलेल्या धान्याचेच असतात, त्यांना शिजवावे लागत नाही. एक वाटी डाळीची भरड आणि दोन वाट्या पोहे ही झाली रानातली खिचडी. चार-साडेचार वाट्या पाण्याला आधण आले की प्रथम डाळ घालावी, पाच मिनिटांनी पोहे घालून विस्तव बंद करावा, झाकण ठेवावे आणि पातेले एखाद्या लोकरी टोपीत किंवा पांघरुणात गुंडाळून दहा मिनिटे स्वस्थ बसावे. ही दहा मिनिटे महत्त्वाची. उरलेले शिजणे स्वतःच्या उष्णतेवर होते, जळण लागत नाही, आणि बुडाला लागण्याचा प्रश्नच उरत नाही.

पिठल्याचेही तसेच. चार चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, तिखट आणि कुरकुरीत तळलेला लसूण. त्यात दोन वाट्या बेसन खमंग वास सुटेपर्यंत परतावे, मीठ व चिमूटभर आमचूर घालावे आणि पूर्ण गार झाल्यावरच भरावे. रानात ते आधी गार पाण्यात कालवून मग आधणात सोडावे. एकदम कोरडे टाकले तर गुठळ्या होतात. तीन-चार मिनिटांत पिठले तयार होते. एकच तक्रार अशी की ते पातेल्याला धरते, म्हणून ज्या मुक्कामी पाणी मुबलक असेल त्याच रात्री करावे. कोरडा उपमा त्या मानाने गुणी: रव्याला घरीच फोडणी देऊन, मीठ-साखर घालून ठेवायचा, वाटीभर मिश्रणाला दोन वाट्या आधण, झाकण, दहा मिनिटे. तो वाडग्यातसुद्धा होतो, पातेले लागतच नाही. ही तेल घातलेली मिश्रणे दोन-तीन आठवडे चांगली राहतात, त्याहून जुनी नेऊ नयेत.

सकाळी सातू. गहू आणि डाळ्यांचे पीठ, सुंठ-वेलची, किसलेला गूळ आणि दुधाची भुकटी. गार पाण्यातही कालवता येते. थालीपिठाची भाजणी न्यावी असे अनेकींना वाटेल. आम्हांलाही वाटले होते. पण थालीपिठाला तवा हवा, तेल हवे आणि सातजणांना पुरवीत एकीने स्टोव्हपाशी बसून राहायला हवे. तेव्हा ते परतल्यावर घरी खावे.

ताज्या भाज्या नेणे म्हणजे पाणी पाठीवर वाहणे होय. टोमॅटोत शंभरात चौऱ्याण्णव भाग पाणीच असते. एक किलो टोमॅटो चकत्या करून कडक वाळवले की साठ-सत्तर ग्रॅम उरतात. कांदा उभा पातळ चिरून, मेथी निवडून, गाजर किसून असेच वाळवावे आणि मूठभर खिचडीत सोडावे. आणि चवीसाठी आमच्या गावचे जीरावण आहेच. काडेपेटीएवढ्या डबीत ते आठ दिवसांच्या जेवणाला तोंड देते. सराफ्यातल्या पोह्यांवर पडते तेव्हा त्याचे एवढे मोल कळत नाही.

वजनाचा हिशेब माणशी दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम कोरडा शिधा असा धरावा. सातजणांना आठ दिवसांचा छत्तीस किलोंच्या आसपास होतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच किलो. आणि तो रोज कमी होत जातो. तूप अवश्य असावे, कारण त्याइतके बळ देणारे हलके अन्न दुसरे नाही. मात्र ते पातेल्यात न घालता ज्याने त्याने आपल्या वाडग्यातल्या ऊन घासावर घ्यावे. जळणासाठी लाकूड तोडू नये. वरच्या अरण्यांत झाड वाढायला आयुष्य लागते आणि कित्येक ठिकाणी मनाईच आहे. गॅसचा लहान डबा आणि त्यावर बसणारा स्टोव्ह सर्वांत सोयीचा. हे डबे किंवा रॉकेल आगगाडीतून नेण्यास बंदी असल्याने ते डोंगराच्या पायथ्याच्या गावातून घ्यावे लागतात. वारा अडवला तर एक लिटर पाण्याला आधण यायला पंधरा-वीस ग्रॅम गॅस पुरतो. वाऱ्यावर ठेवला तर कितीही पुरत नाही.

आता भांडी. सातजणांना एक मोठे पातेले नेण्यापेक्षा तीन आणि चार अशा दोन तुकड्या कराव्यात. प्रत्येक तुकडीला तीन लिटरचे अॅल्युमिनियमचे पातेले, झाकण, सांडशी, एक पळी, आणि माणशी एक खोल वाडगा व चमचा. ताटल्या नकोत. लहान पातेले लवकर तापते, ढवळायला सोपे जाते, आणि ते कोणाचे हे सर्वांना ठाऊक असते. सामाईक मोठे पातेले हे कोणाचेच नसते, म्हणून शेवटी ते बायकांचे होते.

धुण्याची उत्तम रीत आम्ही पुस्तकातून नव्हे, तर आमच्या शेजारच्या जैन कुटुंबातील काकूंकडून शिकलो. त्यांच्याकडे जेवण झाले की थाळीत थोडे पाणी घेऊन, बोटाने कण न कण सोडवून, ते पाणी पिऊन टाकण्याची चाल आहे. उष्ट्यात अठ्ठेचाळीस मिनिटांनंतर सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, त्यांची हिंसा घडू नये ही त्यामागची श्रद्धा. लहानपणी आम्हांला त्या चालीची किळस वाटे, हे कबूल केले पाहिजे. रानात ती किळस पहिल्याच दिवशी गेली. खिचडी संपली की पातेल्यात दोन वाट्या पाणी घालून पुन्हा विस्तवावर ठेवावे, पळीने कडा खरवडाव्या, चिमूट जीरावण घालावे आणि हे ऊन कढण सर्वांनी वाटून प्यावे. थंडीत ते फार रुचते. भांडे नव्वद टक्के स्वच्छ झालेले असते, अन्नाचा कण वाया जात नाही, आणि ओढ्याकडे जावेही लागत नाही. उरलेला ओशटपणा मूठभर कोरड्या मातीने किंवा जुन्या सुती फडक्याने पुसून, पेलाभर कढत पाण्याने विसळावा. दुसऱ्या दिवशी पहिले आधण त्याच पातेल्यात येणार असल्याने ते निर्धोक होते.

विसळलेले पाणी ओढ्यापासून, झऱ्यापासून निदान सत्तर पावले दूर नेऊन मातीवर फेकावे. साबण नकोच. "आम्ही साबण नाही, रिठे वापरतो" असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात; आम्हीही पुढच्या एका सहलीत रिठेच नेले होते. नंतर कळले की रिठ्याला फेस आणणारे जे द्रव्य आहे तेच माशांच्या कल्ल्यांना घातक असते आणि काही ठिकाणी अशाच वनस्पती पाण्यात कुटून मासे धरण्याची जुनी पद्धत आहे. वनस्पतीचे म्हणून ते पाण्याला निरुपद्रवी, हा आपला गोड गैरसमज. अन्न उरले तर पुरून ठेवू नये, प्राणी ते उकरतात आणि माणसांच्या मुक्कामाला सोकावतात. रिकाम्या पिशव्या आणि वेष्टने जशी नेली तशी परत आणावीत. त्यासाठीच घरी सर्व काही वेष्टनांतून काढून, एकेका जेवणाचे मोजून, कापडी पिशव्यांत भरावे. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी, जी पुढच्या वर्षीही कामी येईल. पिशवीवर "तिसरा दिवस, रात्र" असे लिहून ठेवले म्हणजे कोणत्याही मुलाला, ज्याने घरी कधी गॅस पेटवला नाही त्यालासुद्धा, "मला येत नाही" असे म्हणता येत नाही. पाणी तापवून पिशवी उलटी करणे एवढेच काम उरते.

आणि इथेच आम्ही त्या भगिनींच्या दोन ओळींकडे परत येतो. आपल्या घरांतले मुलगे वाईट नसतात. पण पातेले जळले की ते घासायला कोण उठते, हे त्यांनी जन्मापासून एकाच बाजूने पाहिलेले असते. रानात जाऊन ते बदलत नाही. आम्ही पिंडारीहून परतल्यावर घरातल्या पुरुषमंडळींना ही गोष्ट सांगायला तीन वर्षे घेतली, आणि सांगितली तेव्हा ते खरोखरच ओशाळले, "तेव्हाच का नाही सांगितले?" असे म्हणाले. तेव्हा थंडी वाजत होती, एवढेच आम्हांला उत्तर सुचले. म्हणून मुलीने निघण्यापूर्वीच सांगावे. पाळ्या कागदावर लिहून घ्याव्यात, प्रत्येक तुकडीत रोज एकाची. वाडगा ज्याचा त्याने धुवावा. आणि ज्याच्या हातून करपेल त्याने, पाळी कोणाचीही असो, घासावे. हा शेवटचा नियम आम्ही आमच्या पुढच्या सर्व सहलींत पाळला आणि ज्योत बारीक ठेवण्याची कला पुरुषांना आश्चर्यकारक वेगाने अवगत झाली.

लाडवांबद्दल बाईंनी मुळीच चिंता करू नये. डिंकाचे लाडू द्यावेत, माणशी रोज दोन. बळाच्या मानाने ते वजनाला हलकेच आणि भांडे म्हणून एकही लागत नाही. फक्त स्टीलच्या डब्यात घालू नयेत, अर्धा किलोचा डबा लेक आठ दिवस पाठीवर वाहील. एकेक कागदात गुंडाळून कापडी पिशवीत भरावेत. चकल्या तिथवर पोहोचेपर्यंत भुगा होतात. तो भुगा खिचडीवर चांगला लागतो, पण मुद्दाम कशाला?

एक विनंती. निघण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी संध्याकाळी त्या सातही मुलांना आपल्या गच्चीवर बोलवावे. दोन पातेली, दोन स्टोव्ह आणि वर लिहिलेल्या पिशव्या द्याव्यात. माणशी एक लिटर पाणी मोजून द्यावे. त्यातच शिजवणे, पिणे आणि धुणे. मोरीचा नळ आणि आपले स्वयंपाकघर दोन्ही बंद ठेवावे, आणि कितीही मोह झाला तरी स्वतः गच्चीवर जाऊ नये. पातेली खाली आली की ती पालथी करून, बोट फिरवून पाहावीत. कोणी घासली ते मात्र कन्येलाच विचारावे, आणि ती काय म्हणाली ते आम्हांस अवश्य कळवावे.